दुपारची वीज, संध्याकाळचा कंदील

१२ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकत्र आले होते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत पहाटे घराघरांतले गीझर सुरू झाले आणि संध्याकाळी सहानंतर गॅलऱ्यांमध्ये कंदील, माळा लागल्या. या दोहोंच्या मध्ये, सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत, आपल्या सगळ्या ग्राहकांची गरज सूर्य आणि वाऱ्याच्या विजेतून भागवल्याचे अदानी इलेक्ट्रिसिटीने जाहीर केले. उपनगरांचा मोठा भाग याच कंपनीकडे आहे. ग्राहक तीस लाखांच्या वर. चार तासांसाठी का होईना, एवढ्या मोठ्या वस्तीबद्दल असा दावा करता यावा, ही गोष्ट लहान नाही. पण त्यातली वेळ बोलकी आहे. अभ्यंगस्नान त्या चार तासांच्या आधी उरकले होते आणि लक्ष्मीपूजन नंतर व्हायचे होते. सणाचे दोन्ही मुख्य प्रसंग सूर्याच्या वेळापत्रकाबाहेर पडले.

उन्हापासून वीज करणे आता अवघड राहिलेले नाही, महागही नाही. दुपारी झालेली वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कुठे, हा प्रश्न आहे. तो कॅलिफोर्नियाला आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियाला आहे, तसाच घाटकोपरलाही आहे. फरक इतकाच की मुंबईने या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सह्याद्रीच्या कड्यावर बांधून ठेवले आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचीही नोंद आहे.

उपनगरांतली वीज एका हातातून येत नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. पुढे पश्चिमेला वांद्रे, अंधेरी, बोरिवली आणि पूर्वेला कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी हा पट्टा अदानीचा. त्याच पट्ट्यात टाटा पॉवरचेही ग्राहक आहेत, कारण टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकता येईल असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. भांडुप-मुलुंड मात्र महावितरणकडे. म्हणजे महानगरपालिका एक, लोकलची लाइन एक, पण विक्रोळी-कांजूर ओलांडले की विजेच्या बिलाचा रंग बदलतो. अदानीच्या जाळ्याचा मूळ पुरुष म्हणजे १९२९ मध्ये निघालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, लोकांच्या तोंडी बीएसईएस. ती टाटांकडून घाऊक वीज घेऊन उपनगरांत वाटत असे. पुढे मालकी रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडे. मीटर केबिनच्या जुन्या दारावर आजही कुठे कुठे बीएसईएसची अक्षरे पुसट दिसतात.

अदानीच्या ग्राहकांना मिळणाऱ्या हरित विजेचा मोठा वाटा राजस्थानातल्या जैसलमेरहून येतो. तिथला ७०० मेगावॅटचा संकरित प्रकल्प मार्च २०२३ पर्यंत पूर्ण झाला. संकरित म्हणजे सौर आणि पवन एकत्र. करार ७०० मेगावॅटचा असला तरी उभी केलेली क्षमता त्याहून बरीच जास्त आहे: सौर ६०० आणि पवन ५१०. सूर्य आणि वारा एकाच वेळी पूर्ण जोरात क्वचित असतात. दुपारी पॅनेल चालतात, संध्याकाळनंतर थरच्या वाळवंटात वारा उचल खातो, आणि दोघांनी मिळून एकच तार दिवसाचे जास्त तास भरलेली ठेवायची, असा हा हिशेब. दर ठरला युनिटला ३ रुपये २४ पैसे. कोळशाच्या नव्या विजेशी तुलना केली तर हा दर स्वस्तच. वीज इतकी लांबून आणणे परवडते, कारण जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांना आंतरराज्य वहनाचे शुल्क केंद्राने माफ केले होते. राजस्थानच्या त्या पट्ट्यात माळढोक पक्षी उरलासुरला आहे आणि वाहिन्यांना धडकून तो मरतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारांवर निर्बंध घातले. सोलापूरच्या नान्नजला ज्या पक्ष्यासाठी अभयारण्य केले, त्याचाच हा शेवटचा मोठा आसरा. अंधेरीतल्या स्वस्त विजेच्या एका टोकाला हा पक्षी उभा आहे, हे बिलावर छापलेले नसते.

जैसलमेरची वीज जशीच्या तशी बोरिवलीत उतरते, असे मात्र नाही. देशाचे ग्रिड म्हणजे एकच मोठा हौद. कोणी इकडून पाणी ओततो, कोणी तिकडून काढतो, आणि हिशेब कागदावर राहतो. या हौदाला एक विचित्र अट आहे: ओतणे आणि काढणे प्रत्येक क्षणी सारखे असले पाहिजे. तार काहीच साठवत नाही. काढणे जास्त झाले की विजेची वारंवारता पन्नास हर्ट्झच्या खाली सरकते, ओतणे जास्त झाले की वर जाते, आणि फार हलली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बाजूला होतात. सूर्य मावळताना हजारो मेगावॅटची सौर वीज दोन-तीन तासांत ओसरते. नेमक्या त्याच वेळी ऑफिसातून परतलेली माणसे दिवे, टीव्ही आणि एसी लावतात. उन्हाळ्यात मुंबईची मागणी ४००० मेगावॅटच्या वर जाते. ही उतरण भरून काढायला आजवर कोळसा, वायू आणि पाणी राबत आले आहे. त्यातले पाणी सर्वांत जुने.

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली, जमशेटजी गेल्यावर सहा वर्षांनी. कल्पना धाडसी पण सोपी होती. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडे वाहून जातो. तो धरणांनी अडवायचा, नळांतून पश्चिमेला कड्याखाली सोडायचा आणि तळाशी जनित्रे फिरवायची. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही तळी झाली. सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि तिथली वीज सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या मुंबईत गिरण्या चालवू लागली. पाठोपाठ ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरी (१९२२) आणि मुळशीच्या पाण्यावर भिरा (१९२७). तुर्भ्याचे औष्णिक वीजघर १९५६ मध्ये आले. तोवर मुंबईचे दिवे मुख्यतः पावसावर लागत होते. कुलाबा-बोरिवली मार्गावर जानेवारी १९२८ मध्ये विजेची लोकल सुरू झाली आणि वर्षभराने बीएसईएस निघाली, तो काळही हाच. अपारंपरिक ऊर्जा हा शब्द जन्माला येण्याआधी उपनगरांत तीच परंपरा होती. कागदोपत्री मात्र मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना नवीकरणीय म्हणायला केंद्र सरकारने मार्च २०१९ उजाडू दिला.

या तळ्यांचे महत्त्व वीज तयार करण्यापेक्षा ठेवण्यात आहे. जून ते सप्टेंबरचा पाऊस पुढच्या मेपर्यंत पुरवून वापरायचा, आणि दिवसातही संध्याकाळच्या तासांसाठी राखायचा. झडप उघडली की काही मिनिटांत जनित्र पूर्ण जोरात येते. कोळशाच्या थंड बॉयलरला तेच करायला कित्येक तास लागतात. शिवाय सगळीकडे अंधार असताना बाहेरच्या विजेचा आधार न घेता जलविद्युत केंद्र स्वतःच्या पायावर उभे राहू शकते आणि इतरांना उठवू शकते. भिऱ्याच्या जनित्रांतून उतरलेले पाणी पुढे कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडला रविवारी सकाळी लाइफ जॅकेट घालून राफ्टिंग करणारी मुंबईची मंडळी वीज करून झालेल्या या पाण्यावरच तरंगत असतात. नदीला पूर येतो तो विजेच्या वेळापत्रकानुसार.

मुळशीचे धरण मात्र शांतपणे बांधले गेले नाही. मुळा-निळेच्या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे सेनापती झाले आणि ते नाव त्यांना जन्मभर चिकटले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्या वेळची. लढा १९२४ पर्यंत चालला, फुटला आणि हरला. बापट तुरुंगात गेले, धरण पूर्ण झाले. धरणाविरुद्धच्या आंदोलनांचा जगातला इतिहास लिहिताना मुळशीचे नाव अगदी सुरुवातीला घ्यावे लागते. लढ्यामागचा प्रश्न साधा होता: मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मावळातल्या भातखाचराच्या मालकाने का उठावे? त्याचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणी दिले नाही. साठवणुकीच्या आजच्या प्रकल्पांची कागदपत्रे चाळताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, म्हणून मुळशी इथे आवश्यक आहे.

पाण्यात वीज साठवणे म्हणजे नेमके काय, हे समजायला मुळशीपर्यंत जावे लागत नाही. सोसायटीच्या गच्चीवर जाणे पुरते. महापालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येते. वॉचमन पंप लावतो, पाणी वर चढते, आणि दिवसभर नळाला आपोआप उतरत राहते. पंपाने खर्च केलेली वीज आता उंचीच्या रूपात वर बसलेली असते. ती किती असते? सात मजली इमारत, उंची पंचवीस मीटर आणि गच्चीवर वीस हजार लिटरची टाकी धरू. हिशेब केला तर भरलेल्या टाकीत साठलेली ऊर्जा सव्वा ते दीड युनिट निघते. वीस हजार लिटर पाणी, गच्चीचा स्लॅब वाकेल एवढे वजन, आणि त्यात एक पंखा वीसेक तास चालेल इतकीच वीज! टाकीचे पाणी उतरवून वीज करायची कल्पना कोणाच्या डोक्यात का येत नाही, हे एवढ्यावरून कळते.

आता इमारत काढून टाकावी आणि तिच्या जागी सह्याद्रीचा कडा ठेवावा. उंची पंचवीसऐवजी पाचशे मीटर झाली की एक हजार लिटरची, उपनगरात प्रत्येक चाळीवर दिसते ती काळी टाकीही तेवढेच सव्वा ते दीड युनिट साठवते. उंची वीसपट, पाणी विसावा हिस्सा. घाटमाथ्याचे सारे आर्थिक मोल या एका गुणाकारात आहे. कोकण आणि देश यांच्यामध्ये निसर्गाने उभी केलेली ही पायरी साठवणुकीसाठी जगातल्या चांगल्या जागांपैकी एक आहे. ती मुंबईपासून दोन तासांवर आहे, आणि सारे भांडण तिच्यावरच आहे.

पंपाची ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरतात, तिला सरकारी मराठीत उदंचन जलविद्युत म्हणतात. वर एक तळे, खाली एक तळे. वीज मुबलक असेल तेव्हा खालचे पाणी वर ढकलायचे, टंचाई असेल तेव्हा वरून खाली सोडायचे. यंत्र तेच, एका दिशेने फिरले तर पंप, उलटे फिरले तर जनित्र. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. वीस-पंचवीस युनिटचा तोटा हा साठवणुकीचा खर्च समजायचा. गोदामात धान्य ठेवले तरी घुशी काही खातातच. महाराष्ट्रातले सर्वांत परिचित उदाहरण घाटघर. नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अकोले तालुक्यातल्या या गावात वरचे धरण आहे आणि खालचे शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ. मध्ये कडा, कड्याच्या पोटात १२५ मेगावॅटची दोन यंत्रे. जपानी कर्जावर बांधलेला हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. सांदण दरीला जाणाऱ्या ट्रेकरांना खालचे तळे दिसते. सकाळी आणि दुपारी त्याची पातळी वेगळी का, याचे कुतूहल बहुतेकांना वाटत नाही. भिऱ्यालाही जुन्या वीजघराच्या जोडीला १५० मेगावॅटचे उदंचन यंत्र १९९० च्या दशकात बसवले गेले.

ही यंत्रे बांधली तेव्हा सौर वीज हिशेबात नव्हती. कोळशाची केंद्रे रात्री बंद करता येत नसत, म्हणून रात्रीची शिल्लक वीज वापरून पाणी वर चढवायचे आणि दिवसा उतरवायचे, हा मूळ विचार. सौर वीज आल्यापासून घड्याळ उलटे झाले. आता स्वस्त वेळ दुपारची आणि महाग वेळ संध्याकाळची. यंत्र तेच राहिले, लावण्याची वेळ बदलली.

या बदललेल्या घड्याळामुळे घाटमाथा पुन्हा मोलाचा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला: शिरवट्याला १८०० मेगावॅट आणि भिवपुरीला १०००, मिळून सुमारे १३ हजार कोटी रुपयांचे. शंभर वर्षांपूर्वीची तळीच यात वरची टाकी म्हणून कामी येणार आहेत. राज्याने त्याच वर्षी उदंचनासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि इतर कंपन्यांशीही करारांची रांग लागली. यांतले किती प्रकल्प उभे राहतील याबद्दल शंका ठेवायला जागा आहे. सामंजस्य कराराची बातमी होते, बोगद्याचे काम वेगळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगाव धरणाचे पाणी अशा प्रकल्पाला देण्याला भुदरगड तालुक्यात विरोध झाला. कंपन्या सांगतात की पाणी खर्च होत नाही, फक्त वर-खाली होते. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे: एकदा तळे भरले की बाष्पीभवनापुरतीच भर घालावी लागते. पण पहिल्यांदा भरायचे पाणी कोणाच्या वाट्यातून, डोंगराच्या पोटात बोगदे खणल्यावर झऱ्यांचे काय, आणि जंगलाची जमीन किती, हे प्रश्न त्या एका वाक्याने मिटत नाहीत. तरीही दोन्ही बाजू तोलल्या तर आहे त्याच जुन्या तळ्यावर नवे यंत्र बसवणे हे नव्या दरीत नवे धरण घालण्यापेक्षा केव्हाही बरे. मुळशीची किंमत एकदा मोजून झाली आहे. निदान तिचा पुरेपूर वापर तरी व्हावा.

चीनने या वाटेवर सर्वांना मागे टाकले आहे. हेबेई प्रांतातला फेंगनिंगचा एकच उदंचन प्रकल्प ३६०० मेगावॅटचा आहे, म्हणजे मुंबईची संध्याकाळ जवळजवळ एकट्याने सांभाळेल एवढा.

साठवणुकीची दुसरी वाट बॅटरीची. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या लाखो घरांनी इन्व्हर्टर घेतला आणि पलंगाखाली शिसे-आम्लाची जड पेटी ठेवली. आज ग्रिडसाठी वापरतात ती मुख्यतः लिथियम-आयर्न-फॉस्फेटची. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरवर दिसतो तसा वीस फुटी कंटेनर, आत कपाटांत रचलेले सेल, गार ठेवणारी यंत्रणा, आग विझवणारी यंत्रणा. अशा एका नव्या कंटेनरमध्ये सुमारे पाच हजार युनिट मावतात. तेवढीच वीज पाचशे मीटर उंचीवरच्या पाण्यात ठेवायची तर छत्तीस-सदतीस लाख लिटर लागेल. शंभर युनिटमागे परतावा पंचाऐंशी-नव्वद. धरण लागत नाही, डोंगर लागत नाही, आणि दहा वर्षे थांबावे लागत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची १०० मेगावॅटची बॅटरी २०१७ मध्ये शंभर दिवसांच्या पैजेवर उभी राहिली आणि जिंकली. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ मधल्या एका संध्याकाळी काही काळ बॅटऱ्या हाच विजेचा सर्वांत मोठा स्रोत ठरला.

भारतात दर कोसळण्याचा वेग तर डोळे दिपवणारा आहे. २०२२ मध्ये दोन तासांच्या साठवणुकीसाठी मेगावॅटमागे महिन्याला सुमारे १० लाख ८० हजार रुपये भाडे निघाले होते. २०२४ संपता संपता राजस्थानात तेच सव्वादोन लाखांच्या आसपास आले. सरकारचे अर्थसाहाय्य हे त्याचे एक कारण, पण मुख्य कारण चिनी सेलची घसरलेली किंमत. म्हणजे कोळशाच्या जहाजाऐवजी सेलच्या जहाजाची वाट पाहायची. फरक एवढाच की कोळसा एकदाच जळतो आणि सेल दहा-पंधरा वर्षे चालतो.

उपनगरांना बॅटरी सोयीची आहे, कारण ती जिथे वीज लागते तिथेच ठेवता येते. दिल्लीच्या रोहिणी उपनगरात फेब्रुवारी २०१९ पासून १० मेगावॅटची ग्रिड बॅटरी आहे; वस्तीच्या मधोमध, सबस्टेशनच्या आवारात. मुंबईत टाटा पॉवरच्या १०० मेगावॅट बॅटरी साठवणुकीला राज्य वीज नियामक आयोगाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. ती एका ठिकाणी नसून दहा ठिकाणी विखुरलेली असेल. मोठा बिघाड झाला तर रुग्णालये, मेट्रो, विमानतळ अशा जागांना लगेच आधार मिळावा आणि अंधारातून ग्रिड उठवायला मदत व्हावी, हा उद्देश. प्रमाणाचे भान मात्र हवे. शंभर मेगावॅट म्हणजे उन्हाळ्यातल्या चार हजारांच्या मागणीचा चाळिसावा भाग. संध्याकाळचे चार तास संपूर्ण मुंबई बॅटरीवर चालवायची म्हटले तर तीन हजारांहून अधिक कंटेनर लागतील. कांजूरमार्गच्या मिठागरांवर डोळा ठेवून असलेल्यांच्या रांगेत मग आणखी एकाची भर.

आगीचा प्रश्नही दाट वस्तीत टाळता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या बॅटरी केंद्राला आग लागली आणि हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. तिथले सेल जुन्या रसायनाचे होते आणि एका बंद इमारतीत दाटीने रचलेले होते. आताचे रसायन कमी भडकते आणि कंटेनर उघड्यावर, अंतर ठेवून उभे करतात. साकी नाक्याला किंवा मालाडला हे ‘अंतर ठेवून’ नेमके किती फूट असेल, ते मात्र परवानगी देणाऱ्यांनी आधी मोजून घ्यावे. गल्लीत अग्निशमन दलाची गाडी वळत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको.

मग उपनगरांच्या स्वतःच्या गच्च्यांचे काय? एक किलोवॅट पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि मुंबईत वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट मिळतात. जुलैत फार तर निम्मे. सात मजली, अठ्ठावीस घरांच्या इमारतीची तीन हजार फुटांची गच्ची घेतली, त्यातून टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचे टोपण आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा केली, तर निम्मी उरते. पंधरा किलोवॅट, रोजचे साठ युनिट. अठ्ठावीस घरे मिळून सव्वादोनशे खातात. म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे आरामात निघतात, घरे निघत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. या इमारतीला ते २ लाख ७० हजार पडेल. पैशापेक्षा मोठी अडचण पुनर्विकासाची आहे. पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात. इमारत पाच वर्षांनी राहील की नाही, हेच जिथे दर सर्वसाधारण सभेत नव्याने ठरते, तिथे पंचवीस वर्षांची वस्तू गच्चीवर कोण बसवणार?

गच्चीवर पॅनेल असलेल्या सोसायट्यांत एक गोड गैरसमज आढळतो: आपली दुपारची वीज ग्रिडमध्ये ‘जमा’ असते आणि रात्री आपण ती काढून घेतो. नेट मीटरिंगच्या बिलात तसे दिसते खरे. प्रत्यक्षात दुपारची वीज त्याच क्षणी शेजारच्या इमारतीतल्या एसीने खाल्लेली असते, आणि रात्री परत मिळते ती डहाणूच्या किंवा तुर्भ्याच्या कोळशाची असू शकते. ग्रिड बँकेसारखे पासबुक ठेवते, तिजोरी ठेवत नाही.

तिजोरी नाही आणि दारेही थोडी. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईचा सुमारे २२०० मेगावॅट पुरवठा गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, माणसे रुळांवरून चालत निघाली, विद्यापीठाला परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. बाहेर बिघाड झाला की मुंबईने स्वतःला तोडून घेऊन आपल्या जनित्रांवर तग धरायचा, ही व्यवस्था या शहराची जुनी शान. त्या दिवशी ती टिकली नाही. यातून दोन गोष्टींना वेग आला. खारघर-विक्रोळी ही शहरात येणारी पहिली ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. दुसरी वाहिनी कुडूस ते आरे. ऐंशी किलोमीटरची, १००० मेगावॅटची, एकदिश प्रवाहाची. त्यातले सुमारे पन्नास किलोमीटर जमिनीखालून, कारण बोरिवली-गोरेगावच्या डोक्यावरून मनोरे नेण्याइतकी मोकळी जागा उरलेली नाही. जैसलमेरचा सूर्य किंवा घाटाखालचे पाणी अंधेरीला पोचायचे तर शेवटी अशाच दोन-तीन दारांतून. साठवणुकीच्या चर्चेत तारांचा विषय रटाळ वाटतो. मुंबईच्या बाबतीत मात्र शहराच्या आत साठवलेल्या एका युनिटची किंमत वेशीबाहेर साठवलेल्या युनिटपेक्षा जास्त का, याचे उत्तर त्यातच आहे. दार बंद पडले की आतले तेवढेच आपले.

उरते ती सर्वांत स्वस्त साठवणूक: वापर पुढे-मागे सरकवणे. महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांपासून सवलत सुरू केली. मुलुंडकर त्यात येतात. स्मार्ट मीटरवरून वाद झाले आणि ते सगळेच निराधार नव्हते, पण दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग हे सत्य दरात उमटले पाहिजे, यात चूक काही नाही. ते उमटले नाही तर गीझर पहाटेच लागेल आणि वॉशिंग मशीन रात्री नऊलाच.

प्रत्येक सोसायटीकडे दोन टाक्या आणि एक पंप आधीच आहे. खालच्या टाकीत दिवसाचे पाणी मावत असेल, तर वरची टाकी पहाटे किंवा संध्याकाळी सातला भरायचे काही कारण नाही. बारा ते तीनमध्ये भरावी. एका इमारतीमागे रोज तीनेक युनिट सरकतील, फार नाहीत. पण अशा इमारती उपनगरांत हजारो आहेत आणि यासाठी ना अनुदान लागते, ना परवानगी. दिवाळीनंतरच्या पहिल्या कमिटी मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा. टायमर बदलायला इलेक्ट्रिशियनला अर्धा तास लागतो.